तीव्र नैराश्य आणि बोलण्याचे उपचार: संशोधन नक्की काय सांगतं?

सांगलीकरीण
माझ्या मोठ्या भावाला, दादाला, नैराश्याचा आजार आहे. हा दुसरा फेरा. डॉक्टरांनी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, २७ पैकी २२ गुण आले. २० पासून पुढे तीव्र धरतात. गोळ्या सुरू झाल्यात आणि जोडीला सायकोथेरपी, म्हणजे बोलण्याचे उपचार, सुरू करा असं डॉक्टरांनी सांगितलंय. यावरून घरात दोन तट पडलेत. काकांचं म्हणणं, जो माणूस आंघोळीला उठत नाही त्याला बोलून काय शहाणपण शिकवणार, आधी गोळ्यांनी उभा तर राहू दे. वहिनीला गोळ्यांचीच धास्ती, तिला सगळं बोलण्यानेच व्हायला हवंय. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून ‘तूच वाचून सांग’ हे काम माझ्या गळ्यात पडलं. जे हाती लागलं ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

काकांचं मत एकेकाळी तज्ज्ञांचंही मत होतं, हे वाचून मी चाट पडले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. २५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले होते. एकाला सीबीटी, म्हणजे आपले विचार तपासून बघायला शिकवणारी पद्धत. दुसऱ्याला आयपीटी, म्हणजे नातेसंबंधांवर काम. तिसऱ्याला इमिप्रामिनच्या गोळ्या, चौथ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी. गोळीवाल्या दोन्ही गटांना डॉक्टर नियमित भेटत, विचारपूस करत, धीर देत. सोळा आठवड्यांनी सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर गटागटांत फार अंतर नव्हतं. पण तीव्र आजारवाले वेगळे काढले तेव्हा इमिप्रामिन सरस ठरलं, आयपीटीचंही बऱ्यापैकी निभावलं, सीबीटी मात्र प्लासिबोच्या फारशी पुढे सरकली नाही. त्यानंतर बरीच वर्षं ‘आजार तीव्र असेल तर गोळ्याच’ हा सूर राहिला.

मग २००५ मध्ये डीरूबाइस आणि हॉलन यांच्या गटाचा अभ्यास आला. पेनसिल्व्हेनिया आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांत मिळून २४० रुग्ण, सगळे मध्यम ते तीव्र. आठ आठवड्यांनी गोळ्यांच्या गटात ५० टक्क्यांना गुण आला, सीबीटीत ४३ आणि प्लासिबोत २५. सोळा आठवड्यांनी गोळ्या आणि सीबीटी दोन्हीकडे ५८. म्हणजे बरोबरी. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. गुण आलेल्यांवर आणखी वर्षभर लक्ष ठेवलं. गोळ्या बंद केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा आजार उलटला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांचा. आणि सीबीटी संपवून घरी गेलेल्यांपैकी, मधे फार तर तीन उजळणीच्या बैठका मिळालेल्यांपैकी, ३१ टक्क्यांचा.

सगळ्यात धक्का मात्र घराजवळच्या अभ्यासाने दिला. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर बोलण्याचा एक उपचार तपासला. निकाल २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहेत, विक्रम पटेल त्यात प्रमुख. पीएचक्यू-९ वर १४ च्या वर गुण असलेलेच रुग्ण घेतले होते. उपचार करणारे ना मानसोपचारतज्ज्ञ, ना मानसशास्त्राचे पदवीधर. आसपासचीच शिकलीसवरलेली माणसं, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. सहा ते आठ बैठका, बस. तीन महिन्यांनी या गटात ६४ टक्क्यांना उतार पडला होता, फक्त केंद्रातली सेवा मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांना.

आता माझा प्रश्न. जिथे पीएच.डी. झालेल्यांची सीबीटी तीव्र रुग्णांत अडखळली, तिथे दहावी-बारावी झालेल्या ताईंच्या आठ बैठकांनी कसं काय जमवलं? यावर विश्वास ठेवायचा का? आणि दादासाठी काय बघायचं?

खडूस_कारकून
आता गल्लोगल्ली समुपदेशक होणार. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ.

पखालवाला
राग मानू नका ताई, पण आमच्या वडिलांच्या पिढीत कट्ट्यावर चार मित्र जमले की हेच व्हायचं, तेही फुकट. मन खंबीर असलं की झालं. आता बोलण्याचेही तासाला हजार-दीड हजार मोजायचे?

नवी_चप्पल
पखालवालेदादा, मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कट्ट्यावर मित्र ‘चल, बाहेर पड, बरं वाटेल’ एवढंच म्हणतात. तीव्र नैराश्यातला माणूस ते ऐकून उलट आणखी खचतो, कारण त्याला तेच जमत नसतं. गोव्यातल्या उपचाराचं नाव बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. त्यात आधी एक आठवडा माणूस दिवसभर काय करतो आणि त्या-त्या वेळी त्याला कसं वाटतं हे तासवार लिहिलं जातं. त्यावरून दिसतं की कुठल्या गोष्टी टाळल्याने तो अजून खाली जातोय. मग टाळलेल्यातली एखादी गोष्ट, जमेल इतक्या बारीक तुकड्यात, परत आणायची. बरं वाटलं की करू, असं नाही. आधी करायचं, वाटणं मागून येतं.

आणि याचा इतिहास मजेशीर आहे. १९९६ मध्ये सिएटलच्या नील जेकबसन यांनी सीबीटीचे सुटे भाग करून तपासले, आणि नुसता कृतीचा भाग पूर्ण सीबीटीइतकाच लागू पडतो असं दिसलं. २००६ मध्ये तिथल्याच गटाने २४१ रुग्णांवर मोठा अभ्यास केला. तीव्र आजारात हा कृतीचा उपचार पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीच्या बरोबरीने चालला आणि विचार तपासण्याच्या उपचारापेक्षा सरस ठरला. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. डोकं चालेनासं झालेल्या माणसाला विचारांचे पुरावे तपासायला बसवणं जड जात असावं. दारापर्यंत चालत जाणं तुलनेने सोपं.

म्हापसेकर_बाय
मी गोव्यात आरोग्य केंद्रात नर्स आहे. त्या अभ्यासात मी नव्हते, पण पुढे अशा पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं, आणि आता ओपीडीला येणाऱ्या बायांशी अधूनमधून असं काम करते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. पेडण्याकडची एक बाई, चाळिशीची. अंगदुखी आणि झोप नाही म्हणून येत होती. आमच्याकडे कोणी ‘मला नैराश्य आहे’ म्हणत येत नाही, ‘आंग दुखता’ म्हणतच येतात. तिचा आठवड्याचा तक्ता भरला तर सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंतच्या सगळ्या घरांत एकच शब्द, ‘न्हिदून’. म्हणजे पडून. पहिल्या आठवड्यासाठी ठरलं ते इतकंच: सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पाव घ्यायला सासूने नाही, हिने दारात जायचं. पैसे हिने द्यायचे. हसू नका. दोन दिवस जमलं, तीन दिवस नाही जमलं. नाही जमलं त्या दिवशी काय आडवं आलं ते लिहिलं, तर कळलं की शेजारीण काहीतरी विचारील याची भीती होती. मग पुढची अख्खी बैठक त्या शेजारणीवर. कट्ट्यावर असं कोण करतं सांगा.

आणि ‘दहावी-बारावी झालेल्या ताई’ म्हणून कोणी मोडीत काढू नये. त्या अभ्यासात समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, आणि आपापसात बसून त्या ऐकून एकमेकींना गुण दिले जात. कुठे जास्त बोललीस, कुठे गृहपाठ विचारायला विसरलीस, सगळं निघायचं. मोठ्या शहरातल्या किती तज्ज्ञांची बैठक दुसरा कोणी ऐकतो?

आकडेमोड
औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून चार शब्द. असा कुठलाही अभ्यास वाचताना मी ‘किती टक्के बरे झाले’ हा आकडा शेवटी बघतो. आधी बघतो, तुलना कशाशी केली.

सायकोथेरपीच्या पुष्कळ अभ्यासांत दुसरा गट ‘प्रतीक्षायादी’ असतो. म्हणजे त्या माणसाला सांगतात, तुमचा नंबर तीन महिन्यांनी. तो बिचारा हातावर हात धरून बसतो, कारण उपचार मिळणारच आहेत. त्याच्याशी तुलना केली की कुठलाही उपचार भीमासारखा दिसतो. ॲमस्टरडॅमचे पिम काउपर्स आयुष्यभर हेच मोजत आलेत, आणि तुलना जितकी कडक तितका फायदा आक्रसतो हे त्यांच्या कामात सारखं दिसतं. दुसरं म्हणजे न छापलेले अभ्यास. २०१५ मध्ये एका गटाने अमेरिकेच्या सरकारी अनुदानातून झालेले नैराश्यावरच्या मानसोपचारांचे ५५ अभ्यास शोधून काढले. त्यातले १३ कधी छापूनच आले नव्हते. त्यांची आकडेवारी मिळवून धरली तेव्हा उपचारांचा एकूण परिणाम साधारण पाव हिश्शाने घटला. घटला, संपला नाही. औषध कंपन्यांवर आपण हाच आरोप करतो, तेव्हा हेही सांगायला हवं.

गोव्याच्या अभ्यासात तुलनेचा गट रिकाम्या हाताचा नव्हता. त्या केंद्रांतल्या डॉक्टरांना रुग्णाचे प्रश्नावलीतले गुण कळवले होते, आणि कधी काय करायचं, कुणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं याची मार्गदर्शिकाही दिली होती. नेहमीपेक्षा बरी सेवा होती ती. तिच्यासमोर ६४ विरुद्ध ३९ हा फरक मी गांभीर्याने घेतो. वर्षभरानंतर तोच फरक ६३ विरुद्ध ४८ होता. मुद्दाम लिहितो, कारण याचा अर्थ उपचारवाले टिकून राहिले आणि दुसऱ्या गटातले काहीजण आपसूक वर आले.

२००५ च्या अभ्यासातही एक मेख आहे जी सांगलीकरीण यांनी घेतली नाही. दोन केंद्रांचे निकाल सारखे नव्हते. एका ठिकाणी गोळ्या सीबीटीपेक्षा सरस ठरल्या, आणि लेखकांनी स्वतःच लिहिलंय की तिथले थेरपिस्ट कमी अनुभवी होते, हे कारण असू शकतं. तेव्हा ‘सीबीटी लागू पडते का’ हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाच्या हातची, हे त्यात धरावंच लागतं.

म्हापसेकर_बाय
आकडेमोड, तुलनेवरून आठवलं. त्याच मंडळींचा आधीचा, असेच समुपदेशक नेमून केलेला ‘मानस’ अभ्यास आहे, २०१०, त्यात २७९६ लोक होते. सरकारी केंद्रांत उपयोग झाला, खासगी दवाखान्यांत नाही. मला वाटलं तिथे समुपदेशक कमी पडले. तसं नव्हतं. खासगी डॉक्टरांकडे नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणारेच तितके बरे झाले होते, मग वर चढायला जागा कुठली?

आकडेमोड
नेमकं हेच. आणि यावर ‘खासगीत समुपदेशक निरुपयोगी’ असा मथळा सहज करता येतो.

डॉ_घाटमाथा
मी जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण मला ट्रायलमध्ये कोण *नसतं* तेही सांगू द्या. भास किंवा भ्रम असलेले नैराश्याचे रुग्ण नसतात. खाणंपिणं सोडलेले, दगडासारखे पडून राहिलेले नसतात. तातडीचा धोका असलेले बहुतेकदा वगळलेले असतात. माझ्या ओपीडीत ‘तीव्र’ म्हणून येतात त्यातले बरेच या वर्गातले. ‘माझ्या पापामुळे गावात पाऊस नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला पाव आणायला पाठवून भागत नाही. त्याला औषधं लागतात, कधी ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा उपचार, लागते, आणि ईसीटीबद्दल सिनेमांनी कितीही भीती घातली असली तरी अशा रुग्णांत तिच्याइतका झटपट गुण देणारं दुसरं फारसं काही माझ्याकडे नाही. तेव्हा ‘तीव्र नैराश्यात थेरपी चालते’ हे वाक्य बरोबर, पण ते बाह्यरुग्ण विभागापर्यंत चालत येऊ शकणाऱ्या तीव्र रुग्णाबद्दल आहे.

आता काका आणि वहिनी. दोघेही ‘हे की ते’ करतायत. गोळ्यांनी पुरेसा गुण न आलेल्या ४६९ रुग्णांवर ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये अभ्यास झाला. गोळ्या तशाच चालू ठेवून निम्म्या लोकांना जोडीला सीबीटी दिली. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांचा आजार निम्म्याने तरी उतरला होता, नुसत्या नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांत २२ टक्क्यांचा. घरात हा आकडा सांगा, भांडण मिटेल.

फी हजार-दीड हजार असते हे खरं आहे आणि दर आठवड्याला परवडत नाही हेही खरं आहे. मी स्वतः एका रुग्णाला जेमतेम सात-आठ मिनिटं देऊ शकतो. थेरपिस्ट शोधताना पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा. पाटीवर ‘समुपदेशक’ लिहायला सध्या कुणालाही कुणी अडवत नाही. खडूस कारकुनांचा टोमणा तितका चुकीचा नाही.

खडूस_कारकून
चला, एकदा तरी डॉक्टरांनी दुजोरा दिला. फ्रेम करून ठेवतो.

वऱ्हाडी_ठेचा
गोव्याचंच किती गोडवे गाता राजेहो, आमच्या अमरावतीकडे पण झालं ना. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प, तीस गावांत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाचं नाव पेपरात येते, पण गावात नैराश्य असलेला माणूस दवाखान्यापर्यंत जातेच कुठे? प्रकल्पाच्या आधी नैराश्यवाल्यांतले ४.३ टक्केच कोणाकडे तरी मदत मागायला गेले होते, नंतर २७.२ टक्के. गावातल्याच बायामाणसांनी घरोघरी जाऊन केलं हे. थेरपी कोणती भारी यावर पानं भरा, पण शंभरातले पंच्याण्णव दारातच येत नसतील तं काय कामाची?

अबोली_०७
पहिल्यांदाच लिहितेय. धागा वाचता वाचता ती प्रश्नावली स्वतःवर करून बघितली. २१ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, त्याचं उत्तरही ‘कधीच नाही’ असं नव्हतं. घरी कोणाला माहीत नाही. काय करावं कळत नाही.

धागा_व्यवस्थापन
अबोली, लिहिलंत हे फार बरं केलंत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज फोन करा. जिवाचं काही करावंसं वाटण्याचा जोर वाढला तर एकट्या राहू नका, जवळच्या कोणाला तरी बोलावून घ्या आणि थेट जवळच्या रुग्णालयात जा. बाकीच्यांनी कृपया उपदेश करू नये.

म्हापसेकर_बाय
अबोली, व्यनि (खासगी निरोप) केला आहे. कधीही लिही.

दोन_टोकं
मी बायपोलर आहे, म्हणजे कधी नैराश्य तर कधी त्याच्या उलट, वर चढलेला मूड. निदान होऊन बरीच वर्षं झाली, लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे, नोकरी करते. सांगलीकरीणताई, एक प्रश्न विचारते, आगाऊ वाटला तर माफ करा. दादांना कधी उलट बाजूही झाली होती का? झोप नसतानाही दमणूक नाही, पैसे उडवणं, भरभर बोलणं, असलं काही? कारण वर जेवढे अभ्यास आलेत ते सगळे एकाच टोकाच्या नैराश्याचे आहेत. दोन टोकांच्या आजाराचा हिशेबच निराळा आहे.

सांगलीकरीण
तुमचा प्रश्न वाचून वहिनीला फोन केला. पहिल्या फेऱ्यानंतर दोन-अडीच वर्षांनी एकदा दादा रात्री तीन-तीन तासच झोपायचा, पहाटे उठून हिशेब मांडायचा, आणि कोणाला न विचारता जुना टेम्पो घेऊन आला. आंब्याचा धंदा करणार होता, थेट दुबईला माल पाठवणार होता. पंधरा-वीस दिवसांत सगळं विरलं. टेम्पो अजून दारात आहे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, चला, माणूस उभारीला आला. आताच्या डॉक्टरांना हे कोणी सांगितलेलं नाही.

डॉ_घाटमाथा
उद्याच सांगा. फोनवर नव्हे, भेटून, आणि वहिनींना सोबत न्या, कारण तारखा त्यांना आठवतील. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. इथून निदान करणं मला शक्य नाही आणि मी करणार नाही, पण बायपोलरची शक्यता असेल तर नुसती नैराश्यविरोधी गोळी देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात, कारण काहींत ती उलट्या टोकाला ढकलू शकते. मूड स्थिर ठेवणारं औषध आधी लागतं. नैराश्यात आलेला रुग्ण वर चढलेले दिवस स्वतःहून सांगत नाही, त्याला ते आजारपण वाटतच नाही. नातेवाइकांना तर तो सोन्याचा काळ वाटतो.

दोन_टोकं
डॉक्टर म्हणतात त्याला माझ्या आईची साक्ष काढा. माझ्या वरच्या टोकाच्या काळात तिने अख्ख्या आळीला सांगितलं होतं, पोर कशी कामाला वाघीण झालीय.

आता संशोधनाचं. बायपोलरमध्ये थेरपी औषधाच्या जागी येत नाही, औषधाच्या जोडीला येते, हे कुठल्याही प्रामाणिक अभ्यासात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. पण जोडीला आली की फरक पडतो. अमेरिकेतल्या स्टेप-बीडी या मोठ्या प्रकल्पात २९३ बायपोलर रुग्ण नैराश्याच्या टप्प्यात असताना घेतले, औषधं सगळ्यांना चालू. काहींना नऊ महिन्यांत तीसपर्यंत बैठका, काहींना फक्त तीन, आजाराची माहिती देणाऱ्या. वर्षाअखेर ६४ टक्के विरुद्ध ५२ टक्के सावरले, आणि बैठका घेणारे लवकर सावरले. त्या बैठका तीन प्रकारच्या होत्या: कुटुंबाला सोबत घेऊन, दिनक्रमावर काम करणाऱ्या, आणि सीबीटी. तिघांत डावं-उजवं ठरवण्याइतका फरक निघाला नाही.

बार्सिलोनाचा २००३ चा अभ्यास माझा आवडता, कारण त्यात लबाडीला जागा कमी आहे. १२० रुग्ण, सगळे त्या वेळी बरे असलेले. निम्म्यांचे गट करून २१ बैठकांत आजार समजावून सांगितला: लक्षणं, औषधं, झोप, उलटण्याच्या आधीच्या खुणा. उरलेल्या निम्म्यांचेही तितक्याच बैठकांचे गट, तेच थेरपिस्ट, फक्त शिकवण नाही, नुसत्या गप्पा. पखालवालेदादा, हा तुमचा कट्टा बघा. दोन वर्षांत शिकलेल्यांपैकी ६७ टक्क्यांचा आजार उलटला, गप्पा मारलेल्यांपैकी ९२ टक्क्यांचा. ६७ हाही मोठाच आकडा आहे, मला त्यात गंमत वाटत नाही. पण आजाराचे दिवसही त्यांच्यात कमी भरले.

पखालवाला
कट्ट्याचा निकाल लागला म्हणायचा. बरं, विचारतो, मग सगळ्याच बायपोलरवाल्यांना याचा गुण येतो का?

दोन_टोकं
नाही. ब्रिटनमध्ये २५३ लोकांवर सीबीटीचा अभ्यास झाला, २००६ मध्ये. मुद्दाम अवघड रुग्ण घेतले होते, आजाराचे झटके वारंवार येणारे. एकूण निकाल: काही फरक नाही. मागून तपासलं तेव्हा ज्यांना आतापर्यंत बारापेक्षा कमी झटके आले होते त्यांना फायदा दिसला, जास्त झटकेवाल्यांना उलट त्रासच जाणवला.

आकडेमोड
‘मागून तपासलं’ हे शब्द ठळक करा. एकूण निकाल शून्य आला की गटाचे तुकडे करत राहिलं तर कुठे ना कुठे काहीतरी चकाकतंच. मी त्याला इशारा म्हणेन, पुरावा नाही.

दोन_टोकं
मान्य. पण लवकर सुरू करावं हा अर्थ मी माझ्यापुरता घेतला. मला स्वतःला कामी आली ती दिनक्रमाची पद्धत, पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांची. तत्त्व असं की बायपोलर माणसाचं शरीरातलं घड्याळ नाजूक असतं, दिनक्रम विस्कटला की मूड त्याच्या मागे जातो. रोज पाच वेळा टिपायच्या: अंथरुणातून उठलो कधी, दिवसात पहिल्यांदा कोणाशी बोललो कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी, आडवे झालो कधी. शेजारी मूडचा आकडा, उणे पाच ते अधिक पाच. माझ्या वहीत नवरात्र आणि लग्नसराईचे आठवडे पानावर लांबूनही ओळखू येतात. जेवणाची वेळ साडेआठवरून साडेअकरावर, झोप दीडला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मूड अधिक तीन. आता जागरणाला गेले तरी मी रात्री अकराला तिथून निघते. मावश्या नाकं मुरडतात, मुरडू देत.

आणि मँचेस्टरचा १९९९ चा एक छोटा अभ्यास आहे, ६९ रुग्णांचा. आजार वर चढायच्या आधीच्या आपापल्या खुणा ओळखून लगेच डॉक्टर गाठायला शिकवलं, सात ते बारा बैठकांत. वरच्या टोकाचे झटके लांबले. नैराश्याचे झटके मात्र त्याने लांबले नाहीत, कारण ते चोरपावलांनी येतात.

नवी_चप्पल
आमच्या वर्गात बायपोलरवर जेमतेम दीड तास शिकवलं. या धाग्याच्या प्रिंट काढून ठेवते.

सांगलीकरीण
डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी वहिनीशी तासभर बोलून टेम्पोची सगळी कथा लिहून घेतली, काही रक्ततपासण्या सांगितल्या, औषधं बदलली. निदान अजून पक्कं म्हणत नाहीत, पण त्या दिशेने चाललंय. थेरपीबद्दल म्हणाले की एकट्या दादाला नको, घरच्यांनी पण यावं. काका तयार नाहीत. ‘मला काय झालंय’ म्हणतात.

डॉ_घाटमाथा
कुटुंबासह उपचाराच्या पद्धतीत तीन भाग असतात: आजार सगळ्यांनी समजून घेणं, घरात एकमेकांशी बोलायची रीत सुधारणं, आणि अडचणी एकत्र बसून सोडवणं. घरातली बोचरी टीका आणि आजार उलटणं यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. काकांना हे सांगू नका, बिथरतील. त्यांना म्हणा, गोळ्यांच्या वेळांवर देखरेख ठेवायला डॉक्टरांना घरातला मोठा माणूस हवाय.

खडूस_कारकून
डॉक्टर, तुम्हाला काका आहेत वाटतं.

सांगलीकरीण
हाहा, हे चालेल! दोन_टोकं, तो पाच वेळांचा तक्ता छापील मिळतो का मराठीत? आणि दादा स्वतः लिहायच्या अवस्थेत नाही, तर वहिनीने भरला तर चालेल का?

दोन_टोकं
छापील मी बघितला नाही. शंभर पानी वही घ्या, उभ्या सात रकान्यांत वार, आडव्या पाच ओळींत वेळा, खाली मूडची एक ओळ. सुरुवातीला वहिनींनी भरला तरी चालेल, पण मूडचा आकडा दादांना विचारूनच टाका, आपल्या अंदाजाने नको. ते ‘माहीत नाही’ म्हणाले तर तेच लिहा. आणि डॉक्टरांकडे जाताना वही न्या, पाठ करून सांगत बसू नका.